गंज की टांकसाळीची चूक? कोकणातल्या एका डब्याच्या निमित्ताने

माजघर

नमस्कार मंडळी. राजापूरजवळच्या आमच्या जुन्या घराच्या माजघराची जमीन उकरताना गेल्या महिन्यात पत्र्याचा एक डबा सापडला. झाकण केव्हाच सडून गेले होते आणि आतली साठ-पासष्ट नाणी ओली माती, चुन्याचे खडे आणि पत्र्याच्या गंजाचा चुरा यांच्या काल्यात बसलेली होती. सर्वांत जुने नाणे १९४४ सालचा भोकाचा पैसा, तर सर्वांत नवे १९९० सालचे पन्नास पैसे. म्हणजे आजीने पुष्कळ वर्षे थोडेथोडे करून हे साठवले असावे.

यातली तीन प्रकारची नाणी मला वेगळी वाटली. पहिले म्हणजे कमळाचे वीस पैसे, साल १९७०. ते एरवी पिवळे असते, पण डब्यातली दोन नाणी चक्क तांबूस आहेत. दुसरे ॲल्युमिनियमचे पाच पैसे. त्याचा एक कोपरा नाही आणि ते नेहमीपेक्षा बरेच पातळ आहे. तिसरे १९९० चे स्टीलचे पन्नास पैसे. त्यावर बारीक पुटकुळ्या उठलेल्या आहेत आणि सालाखाली कोणतेही चिन्ह नाही. एका ओळखीच्या विक्रेत्याने छायाचित्र पाहून तांबूस वीस पैसे “चुकीच्या धातूवर छापलेले” असल्याचे सांगितले आणि मोठा आकडाही ऐकवला. भोकाचे अकरा पैसे हिरवे पडून वाया गेलेले आहेत, म्हणून त्यांची छायाचित्रे टाकलेली नाहीत. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

नवा_पैसा

सालाखाली चिन्ह नसणे ही चूक नाही. मुंबईच्या टांकसाळीचा (पत्त्यांतल्यासारखा) चौकट, हैदराबादचा तारा आणि नोएडाचा ठिपका असतो, परंतु कोलकाता टांकसाळ चिन्हच टाकत नाही. तेवढा एक प्रश्न निकालात निघाला.

दहापट_भिंग

माजघर, आपण छायाचित्रे नाण्याच्या दोन्ही बाजूंची दिली आहेत, पण कडेचे एकही नाही. खरे उत्तर पुष्कळदा कडेवरच लिहिलेले असते, त्यामुळे ती अवश्य टाकावीत.

प्रत्येक नाण्याकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट मांडतो, कारण या प्रकारच्या धाग्यांवर तीच सर्वाधिक वेळा निसटते. टांकसाळीतली चूक नाण्यावर ठसा उमटण्याआधी किंवा उमटतानाच घडते. गंज मात्र तयार झालेल्या नाण्यावर बाहेरून चढतो. कोऱ्या चकतीवर दोन ठसे (म्हणजे चित्र कोरलेले पोलादी साचे) कित्येक टनांच्या दाबाने आदळतात तेव्हा धातू पिठाच्या गोळ्यासारखा सरकतो, ठशाच्या खोलगट भागांत चढतो आणि बाहेरच्या कॉलरला, म्हणजे चकतीभोवतीच्या कड्याला, जाऊन भिडतो. चकती तुटकी असो, पातळ असो की भलत्याच धातूची असो, या सरकण्याच्या खुणा तिच्यावर राहतातच. अक्षरे रिकाम्या जागेकडे किंचित ओढलेली दिसतात, काठ एखाद्या ठिकाणी दबलेला राहतो आणि मोकळ्या भागावर ठशाची झळाळी असते. गंजाला यातले काही करता येत नाही. तो धातू खातो किंवा त्यावर पापुद्रा चढवतो. म्हणून नाणे हातात घेतल्यावर “हे वेगळे दिसते का” असे विचारण्याऐवजी “हा बदल ठसा पडण्याआधीचा आहे की नंतरचा” असे विचारावे.

आता आपले पाच पैसे. कोपऱ्याची तुटलेली रेषा भिंगाखाली पाहा. पत्र्यातून चकत्या कापताना छेदक आधी कापलेल्या भोकावर किंवा पत्र्याच्या टोकावर पडला तर चकतीचा तुकडा कमी होतो, पण ती रेषा एकसंध असते, एक तर सरळ किंवा चंद्रकोरीसारखी वक्र. गोल नाण्यांत आणखी एक साक्षीदार मिळतो. काठ उचलण्याच्या यंत्रात अशी चकती फिरते तेव्हा कटाच्या बरोबर समोरच्या बाजूला पुरेसा दाब मिळत नाही आणि तिथला काठ फिकट राहतो. संग्राहक त्याला ब्लेकस्ली परिणाम म्हणतात. पाच पैसे चौकोनी असल्यामुळे तो आपल्याला फारसा उपयोगी नाही. पण आपल्या छायाचित्रात तुटलेली कड वाळवीने खाल्लेल्या फळीसारखी दिसते आणि तिथली अक्षरे ओढलेली नाहीत, जागच्या जागी विरून गेलेली आहेत. हे निःसंशय कुजणे आहे.

माजघर

पण मग पातळपणाचे काय? संपूर्ण नाणेच पातळ आहे. काट्यावर ते जेमतेम १.१ ग्रॅम भरते.

दहापट_भिंग

सुरुवातीच्या वर्षांतल्या पाच पैशांचे मूळ वजन सुमारे दीड ग्रॅम. पातळ चकतीवर छापलेल्या नाण्यात ठशांमधले अंतर भरून काढायला धातू कमी पडतो, म्हणून उंच भाग, विशेषतः मधली चित्राकृती, अर्धवट उठते. मात्र जी अक्षरे उठतात ती पूर्ण रुंदीची असतात आणि नाण्याचा बाहेरचा आकारही पूर्ण असतो. रसायनाने झिजलेल्या नाण्यात उलटे घडते. सगळे तपशील शिल्लक असतात, पण प्रत्येक अक्षर कृश झालेले असते, जणू उपास घडला आहे, आणि नाण्याची लांबी-रुंदीही थोडी घटते. त्याच सालाचे चांगले पाच पैसे शेजारी ठेवून अंकांची जाडी ताडून पाहावी.

कल्हईवाला

धातुशास्त्राशी नोकरीनिमित्त आयुष्यभर संबंध आला, म्हणून या डब्याच्या पोटात काय घडले असावे ते सांगण्याचा मोह होतो आहे.

ॲल्युमिनियम हवेत टिकते ते त्याच्यावरच्या ऑक्साइडच्या अतिशय पातळ कवचामुळे. हे कवच साधारण उदासीन वातावरणातच सुरक्षित असते. आम्ल वाढले तरी ते विरघळते आणि अल्कली वाढली तरी विरघळते. माजघर यांनी चुन्याच्या खड्यांचा उल्लेख केला आहे. ओला चुना तीव्र अल्कली असतो, त्यामुळे तो ॲल्युमिनियमचा शत्रूच आहे. त्यात कोकणातली खारी हवा, आणि वर पितळी व कांस्याची नाणी त्याला चिकटून बसलेली. दोन भिन्न धातू आणि मध्ये खारट ओल म्हणजे एक छोटासा विद्युत घटच होय. त्यात तांबेवर्गीय नाणे सुरक्षित राहते आणि ॲल्युमिनियम झपाट्याने खपते. त्या पाच पैशांवर पांढरी भुकटी होती का? असल्यास ते ॲल्युमिनियमचे हायड्रॉक्साइड होते आणि नाण्याचा हरवलेला अर्धा-पाऊण मिलिमीटर कोपरा तिच्यातच होता.

वीस पैशांबद्दल मी अधिक विस्ताराने लिहितो, कारण विक्रेत्यांची गैरसमजूत (किंवा सोयीस्कर समजूत) इथेच सर्वांत घट्ट आहे.

कमळाचे वीस पैसे १९६८ ते १९७१ या काळात निकेल-पितळाचे निघाले. आमच्या लहानपणी त्यात सोने असते अशी वदंता होती आणि कित्येकांनी ती नाणी त्या आशेने दडवून ठेवली. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. जस्त हा फार चंचल धातू आहे, तो तांब्याच्या कितीतरी आधी विरघळतो. पितळात जस्ताचे प्रमाण साधारण १५ टक्क्यांच्या पुढे गेले की खारट किंवा आम्लयुक्त ओलीत ते पृष्ठभागातून निसटू लागते आणि मागे उरते ते तांब्याचे सच्छिद्र, निस्तेज, गुलाबीसर कवच. आकार तोच, कमळ तेच, अक्षरे तीच. रंग मात्र पालटलेला. जुन्या पितळी नळांच्या तोट्या आतून ठिसूळ होतात ते याच कारणाने. घराघरांत हे पाहिलेले असते, फक्त त्याचे नाव माहीत नसते. देवाची पितळी उपकरणी चिंचेच्या कोळात विसरून रात्रभर राहिली तर सकाळी ती लालसर निघतात, आणि मग सासूबाई सुनेकडे पाहतात.

तेव्हा तांबूस वीस पैसे दिसले की आधी जस्त गेल्याचा संशय घ्यावा. खरोखर तांब्याच्या किंवा कांस्याच्या चकतीवर ते छापले गेले असते तर रंग कडेपासून खोबणीपर्यंत एकसारखा असता आणि मोकळ्या भागाला ठशाचा गुळगुळीतपणा असता. आपल्या छायाचित्रात कमळाच्या पाकळ्यांमधल्या खोलगट जागी पिवळेपणा उरला आहे आणि उघड्या भागावर लाली आहे. ही लाली बाहेरून आली आहे.

माजघर

सासूबाईंचे वाक्य आमच्या घरी मोठ्याने वाचून दाखवले. धन्यवाद. पण रंगावरून मतभेद होऊ शकतात, विक्रेता ऐकणार नाही. नाण्याला ओरखडा न काढता निश्चित सांगता येईल अशी काही परीक्षा आहे का?

कल्हईवाला

आहे, आणि घरी करता येते. विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत धातू किती पट जड) काढावे. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा सोनारी काटा घ्या. प्रथम नाण्याचे कोरडे वजन नोंदवा. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्यावर आणा आणि नाणे बारीक दोऱ्याने पाण्यात असे लोंबकळत धरा, की ते पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काठाला टेकणार नाही. काटा जो आकडा दाखवील तो नाण्याने सारलेल्या पाण्याचा. कोरड्या वजनाला त्याने भागावे. शुद्ध तांबे ८.९६ च्या आसपास येते, पितळ साडेआठच्या आसपास, नाण्यांचे फेरिटिक स्टील ७.७ च्या जवळ आणि ॲल्युमिनियम २.७. नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर उत्तर कमी येते, म्हणून आधी नाणे पाण्यात हलवून घ्यावे.

हडसनकाठी

मी न्यू जर्सीत राहतो आणि इथल्या संग्राहकांच्या मेळाव्यांना जातो. तिथेही रोज हीच वादावादी चालते, फक्त नाणे वेगळे. अमेरिकी सेंट १९८२ मध्ये बदलला. आधीचा तांबेप्रधान सेंट ३.११ ग्रॅमचा होता, त्यानंतरचा २.५ ग्रॅमचा, तो आतून जस्ताचा आहे आणि त्याच्यावर तांब्याचा नुसता पातळ मुलामा असतो. मुलाम्याला कुठे चीर पडली की ओल आत शिरते, जस्त फुगते आणि वर फोड येतात. हे फोड अक्षरांच्या शेजारी आले की नवशिक्याला अक्षर दुहेरी उमटल्यासारखे दिसते, आणि लगेच “डबल डाय” म्हणून विक्रीला लावले जाते. वास्तविक दुहेरी ठशाच्या नाण्यात दुसरे अक्षर तितकेच धारदार असते आणि त्याच्या टोकांना स्पष्ट फाटे दिसतात. फोडाला धार नसते.

रंगाच्या बाबतीत एक अपवाद मात्र नोंदवला पाहिजे, नाहीतर कल्हईवाला यांचे म्हणणे सरसकट लागू केले जाईल. छापण्यापूर्वी चकत्या भट्टीत तापवून मऊ करतात. तिथे वातावरण बिघडले तर चकतीवर आधीच काळपट किंवा तांबूस थर बसतो आणि ठसा त्या थरावर उमटतो. १९५८ आणि १९५९ च्या पाच सेंटच्या नाण्यांत अशी काळी पण चकचकीत नाणी प्रसिद्ध आहेत. ती टांकसाळीचीच करणी मानली जाते. ओळखायचे कसे, तर काळेपणाखाली ठशाची झळाळी शाबूत असते आणि वर एकही खड्डा नसतो. जमिनीतून निघालेले काळे नाणे मात्र भिंगाखाली डांबरी रस्त्यासारखे दिसते.

दहापट_भिंग

सहमत. आपल्याकडची स्वातंत्र्यानंतरची रोजच्या व्यवहारातली बहुतेक नाणी एकाच मिश्रधातूची, मुलामा नसलेली आहेत, त्यामुळे अमेरिकी सेंटचे फोड इथे सहसा भेटत नाहीत. म्हणूनच माजघर यांच्या पन्नास पैशांवरच्या पुटकुळ्या मला कुतूहलाच्या वाटतात.

गंज म्हणजे खड्डा आणि उंचवटा म्हणजे टांकसाळीची चूक, असा एक ठोकताळा सांगितला जातो. तो बहुतांशी बरोबर आहे. ठशाला तडा गेला तर त्या तड्यात धातू चढतो आणि नाण्यावर उठावदार रेघ येते. ठशाचा कपचा उडाला तर नाण्यावर गाठ येते. पण यात एक गंमत आहे. ठसा स्वतः पोलादाचा असतो आणि तोही गंजतो. गंजलेल्या ठशावर खड्डे पडतात आणि त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर त्या खड्ड्यांच्या जागी बारीक पुटकुळ्या येतात. म्हणजे गंज खरा, पण तो नाण्याचा नव्हे, ठशाचा. अशी पुटकुळी आजूबाजूच्या धातूइतकीच चमकते आणि नखाने हलत नाही. दुसरी शक्यता अशी की डब्याच्या पत्र्याचा गंज नाण्यावर चिकटून बसला आहे. ती पुटकुळी तपकिरी, मातकट असेल आणि बांबूच्या ओल्या टूथपिकने हळूच टोकरल्यास सुटेल. सुई किंवा टाचणी मात्र अजिबात वापरू नये.

पुसट_अंक

माझ्याकडे स्टीलच्या एक रुपयात सालाचा शेवटचा अंकच नाही. तेही गंजाने गेले असेल का?

दहापट_भिंग

अंकाच्या जागेचा मोकळा भाग पाहावा. तो आजूबाजूइतकाच गुळगुळीत आणि चकचकीत असेल तर ठशातल्या त्या खोबणीत तेल-वंगणाचा गाळ भरला होता आणि अंक उमटलाच नाही. जागा खरखरीत असेल तर अंक उमटला होता आणि नंतर कोणीतरी किंवा कशाने तरी तो खाल्ला. पहिला प्रकार खरा आहे, पण फार सामान्य आहे. त्याच्यासाठी कोणी हजारो रुपये मागितले तर नमस्कार करून पुढे जावे.

शिवराई

थोडे अवांतर, पण याच अंगाने. हे सगळे निकष यंत्रावर छापलेल्या नाण्यांचे आहेत. हाताने ठोकलेल्या शिवराईवर अक्षरे कडेबाहेर गेलेली, ठसा सरकलेला किंवा दोनदा पडलेला दिसला तर ती चूक मानू नये. ठसा बहुधा तांब्याच्या तुकड्यापेक्षा मोठाच असे, त्यामुळे “श्री राजा शिव” पूर्ण दिसणारे नाणे मिळणे हेच भाग्य. शिवराईला “ऑफ सेंटर एरर” म्हणून विकणारे मी पाहिले आहेत आणि विकत घेणारेही.

दुसरे, माजघर यांनी हिरव्या पैशांना वाया गेलेले म्हटले, ते मला पटलेले नाही. तांब्या-कांस्यावर घट्ट बसलेला हिरवा थर नाण्याचे रक्षणही करतो. काळजी करायची ती फिकट हिरव्या, पिठासारख्या भुकटीची, जी पुसली तरी आठवड्याभरात परत येते. मिठातल्या क्लोराइडमुळे होणारा हा रोग कांस्याला आतून पोखरतो. तेव्हा त्या अकरा पैशांची छायाचित्रे टाकावीत, आम्हांला पाहायला आवडतील.

माजघर

दोन दिवसांनी लिहितो आहे. सर्वांनी सांगितल्याप्रमाणे परीक्षा केल्या.

तांबूस वीस पैशांपैकी एकाचे कोरडे वजन ४.३१ ग्रॅम आले, पाण्याचा आकडा ०.५२ आला. भागाकार ८.२९ होतो. पिवळ्या नाण्याचे वजन ४.५६ आणि भागाकार ८.४४. म्हणजे तांबे नाही, हे मी मान्य करतो. कडेवर एक जुनी खोच आहे, तिच्या तळाशी भिंगातून पिवळा धातू स्पष्ट दिसला. पन्नास पैशांवरच्या पुटकुळ्या टूथपिकने एकेक करून सुटल्या आणि खाली स्वच्छ स्टील निघाले, फक्त दोन ठिकाणी बारीक खड्डे आहेत. पाच पैशांवर पांढरी भुकटी होती, ती मीच पहिल्या दिवशी धुऊन टाकली.

शिवराई यांच्या आग्रहावरून भोकाच्या पैशांची छायाचित्रे टाकत आहे. सातव्या छायाचित्रातल्या पैशाचे भोक गंजून एका बाजूला वाढले आहे, तेवढे समजून घ्यावे.

कल्हईवाला

४.३१ ला ०.५२ ने भागताना काट्याची ०.०१ ची चूक धरली तरी उत्तर सुमारे ८.१ ते ८.५ यांमध्येच राहते, तांब्यापर्यंत पोहोचत नाही. सच्छिद्र कवचात हवा अडकल्यामुळे ते पिवळ्या नाण्यापेक्षा कमी आले असावे. विक्रेत्याला हे आकडे दाखवावेत.

दहापट_भिंग

माजघर, सातवे छायाचित्र पुन्हा पाहा आणि ते नाणे कृपया कशातही बुडवू नका.

आपण म्हणता भोक एका बाजूला वाढले आहे. गंजाने भोक मोठे होऊ शकते हे खरे. पण वाढलेल्या बाजूच्या बरोबर समोर पाहिले तर भोकाच्या आतल्या अंगाला धातूची एक चंद्रकोर आहे, जी नेहमीच्या पैशात कधीच नसते, कारण तिथे भोकच असते. गंज एका बाजूचा धातू खाईल, पण तो दुसऱ्या बाजूला धातू भरू शकत नाही. म्हणजे भोक मोठे झालेले नाही, सरकलेले आहे. १९४३ ते १९४७ या काळातल्या या पैशांच्या चकतीला आधी भोक पाडून मग ठसा मारला जात असे. या चकतीचे भोक मध्यापासून हटून पडले आणि ती तशीच ठशाखाली गेली. खात्रीसाठी तीन गोष्टी कराव्यात. भोकाचा व्यास उरलेल्या दहा पैशांच्या भोकांशी ताडून पाहावा. तो जवळपास सारखाच निघाला पाहिजे. मुकुटाच्या बाजूला अक्षरांचे शेंडे भोकाच्या कडेवर किंचित आत ओढलेले आहेत का ते पाहावे. आणि चंद्रकोरीचा पृष्ठभाग पाहावा. हिरव्या थराखाली तो दोन्ही बाजूंनी दाबून सपाट झालेला असावा.

माजघर

कॅलिपरने मोजले. दहा पैशांच्या भोकांचे व्यास एकमेकांपासून एक दशांश मिलिमीटरच्या आत आहेत आणि हा अकरावाही त्यांतच बसतो. अक्षरांचे शेंडे ओढलेले आहेत. चंद्रकोर अगदी सपाट आहे.

शिवराई

अभिनंदन! आता ती फिकट भुकटी कुठे आहे का ते आधी पाहावे. नसल्यास नाणे आसुत (डिस्टिल्ड) जलात काही दिवस ठेवावे, पाणी रोज बदलावे, पूर्ण वाळवावे आणि सिलिका जेलच्या पुडीसह बंद डबीत ठेवावे. मऊ प्लास्टिकच्या पाकिटांचे अल्बम टाळावेत, त्यातून सुटणारा चिकट हिरवा द्रव आपल्याच हातांनी नाणे खराब करतो. चिंच, लिंबू, राख यांचे तर नावच नको.

नवा_पैसा

आणि त्या तांबूस वीस पैशांचे काय करणार? २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातूनही बाद आहेत, म्हणजे वीस पैशांनासुद्धा ती जाणार नाहीत.

माजघर

ती आजीच्या डबीत परत जातील. विक्रेत्याला मी आकडे पाठवले, अद्याप उत्तर आलेले नाही.

मात्र आता एक वेगळीच रुखरुख लागली आहे. डब्याच्या तळाशी हिरव्या मातीचा एक गठ्ठा होता आणि त्यात दोन-तीन तुकडे हाताला लागले होते. गंजलेले म्हणून मी ते न पाहताच मातीबरोबर बादलीत टाकले. बादली अजून मागच्या पडवीत तशीच आहे. उद्या सकाळी चाळण घेऊन बसतो आणि जे निघेल त्याची छायाचित्रे, कडेसकट, इथे टाकतो.